होल्मेनकोलेन स्की म्युझियम, ऑस्लो

फक्त स्कीइंगच्या इतिहासासाठी असलेलं हे जगातलं सगळ्यात जुनं म्युझियम. १९२३ ला सुरू झालं, आधी टेकडीवर थोडं वर फ्रोग्नरसेटेरेनला होतं, मग १९५१ मध्ये होल्मेनकोलेनच्या स्की जंपखाली (स्कीवरून घसरत येऊन उडी मारायचा उंच उतार) आलं आणि लगेच पुढच्या वर्षी ऑस्लोत विंटर ऑलिम्पिक झालं. गंमत म्हणजे इथे येणारे बरेच जण म्युझियमसाठी येतच नाहीत, त्यांना लिफ्टने जंपच्या टॉवरवर जाऊन ऑस्लोचा फ्योर्ड, म्हणजे जमिनीत आत शिरलेली समुद्राची खाडी, बघायचा असतो, तिकीट एकच असल्यामुळे वाटेत म्युझियम लागतं म्हणून पटपट उरकतात. असं करू नका.

कारण आपल्याला स्कीइंग म्हटलं की गुलमर्ग नाहीतर औली, भाड्याचं जॅकेट आणि फोटो एवढंच आठवतं. नॉर्वेत ते मुळात खेळ नव्हतंच. हिवाळ्यात शिकारीला, शेजारच्या गावाला, लाकडं आणायला जायचं तर दुसरा उपायच नव्हता. उत्तर नॉर्वेत र्‍योडॉयला स्कीवर उभ्या माणसाचं कातळचित्र सापडलंय ते साधारण ४००० वर्षांपूर्वीचं. ‘स्की’ हा शब्दसुद्धा तिकडचाच, जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे तिकडच्या जुन्या भाषेत, अर्थ चिरलेलं लाकूड, म्हणजे आपल्या भाषेत फळकुट! ‘स्लालम’, म्हणजे वळणं घेत उतरायची शर्यत, हा शब्द पण नॉर्वेजियनच.

जुन्या स्कींची एक तऱ्हा तर भारीच आहे. दोन स्की सारख्या नसायच्या, एक लांब गुळगुळीत घसरायला आणि दुसरी आखूड, तिच्या तळाला केसाळ कातडं. केसांचा कल मागच्या बाजूला, त्यामुळे पुढे सरकताना अडत नाही पण मागे घसरायला लागलं की केस बर्फात रुततात. आखूड पायाने रेटा द्यायचा आणि लांब पायावर घसरत जायचं.

पण खरं थांबून बघायचं ते बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवायचा पट्टा. पूर्वी बहुतेक ठिकाणी फक्त बोटांजवळ एक पट्टा असायचा, टाच मोकळी. कोल्हापुरी चप्पल घालून कठड्यावरून उडी मारून बघा, चप्पल कुठे आणि तुम्ही कुठे! नॉर्वेच्या टेलेमार्क भागातल्या मॉर्गेडाल गावच्या सोंद्रे नोरहाइमने झाडाची लवचिक मुळं पिळून त्यांचा पट्टा टाचेमागून घेतला, म्हणजे चपलेची सँडल केली म्हणा ना, त्यामुळे उडी मारली तरी स्की पायातच राहायला लागली आणि वळताही यायला लागलं. स्कीची कंबर, म्हणजे मधला भागही त्याने जरा बारीक ठेवला, वळायला सोपं जावं म्हणून. १८६८ मध्ये वयाच्या ४२ व्या वर्षी तो राजधानीतल्या स्पर्धेत उतरला (ऑस्लोला तेव्हा क्रिस्तियानिया म्हणायचे) आणि लोक बघतच राहिले. पुढे १८८४ मध्ये हा माणूस पोटापाण्यासाठी अमेरिकेला गेला आणि १८९७ मध्ये तिथेच नॉर्थ डाकोटात वारला. १९५२ च्या ऑलिम्पिकची ज्योत मात्र मॉर्गेडालच्या त्याच्या घरात पेटवून स्कीवरून ऑस्लोला आणली होती.

दुसरा मोठा भाग ध्रुवीय मोहिमांचा. नॉर्वेचा शोधप्रवासी नान्सेनने १८८८ मध्ये पाच साथीदारांना घेऊन ग्रीनलंड स्कीवर ओलांडलं, त्यातले दोघे सामी, म्हणजे उत्तरेकडचे मूळ रहिवासी होते, बाल्तो आणि राव्ना, यांची नावं नेहमी मागे पडतात. दुसरा नॉर्वेजियन आमुनसेन १४ डिसेंबर १९११ ला दक्षिण ध्रुवावर पोचला, कुत्र्यांच्या स्लेज आणि स्की यांच्या जोरावर. या मोहिमांचं सामान इथे बघायला मिळतं.

१२०६ ची बिर्केबाइनर लोकांची गोष्टही इथे भेटते, नॉर्वेच्या गृहयुद्धातल्या या एका पक्षाच्या दोघांनी लहानग्या राजपुत्र होकोनला छातीशी धरून स्कीवर डोंगरापलीकडे नेलं. त्याची आठवण म्हणून १९३२ पासून बिर्केबाइनर शर्यत होते, भाग घेणाऱ्याच्या पाठीवर किमान साडेतीन किलोचं ओझं हवंच, बाळाच्या नावाने.

जंपवर १८९२ पासून स्पर्धा होतायत, १९२२ आणि १९२३ मध्ये युवराज ओलाव (नंतरचे राजे ओलाव पाचवे) यांनीही इथून उडी मारलीय. आत्ताचा स्टीलचा उतार २०१० चा. जायला मेट्रोची १ नंबर लाईन, होल्मेनकोलेन स्टेशनवर उतरून पुढे चढ आहे, दम लागतो. टॉवरवर सगळे फ्योर्डकडे बघत असतात, पण एकदा वाकून खाली उताराकडेही बघा, आणि टाचेमागच्या त्या पट्ट्याची आठवण ठेवा.