रॉकर कोणते बसवायचे? जुन्या अँबेसेडरच्या इंजिनामागचा इतिहास

वडोदऱ्यात दांडिया बाजारात आमच्या घरी १९७४ची अँबेसेडर आहे. गेल्या वर्षी तिच्या इंजिनाचं पूर्ण काम काढलं. बोअर झालं, पिस्टन आले, क्रँक घासून बेअरिंग बसले. शेवटी आमच्या मेकॅनिककाकांनी रॉकर असेंब्ली, म्हणजे इंजिनाच्या झडपा (व्हॉल्व्ह) उघडणाऱ्या तरफांचा जोड, वर्तमानपत्रावर मांडली आणि म्हणाले, "हे आठ बदलायचेत. कोणते आणायचे ते आत्ताच सांगा, हेड बसल्यावर नाही."

त्यांची घाई खरी होती. या इंजिनात रॉकर ज्या दांड्यावर डुलतात त्या शाफ्टचे चार पेडेस्टल (पाये) ज्या स्टडवर (आट्याच्या खुंट्यांवर) बसतात, त्यातलेच काही स्टड सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकणही आवळून धरतात. नंतर कधी रॉकर काढायचे म्हटलं की हेडचे नट सैल होतात, पाणी काढावं लागतं आणि नव्या गॅस्केटची खात्री उरत नाही.

मित्रांना विचारलं तर तीन सल्ले आले. एक म्हणाला रोलर रॉकर, दुसरा म्हणाला जास्त रेशोचे, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारे, तिसरा म्हणाला जुनेच रॉकर आतले बुश (शाफ्टवर फिरणाऱ्या नळ्या) बदलून वापरा. तिघांनीही मनापासूनच सांगितलं होतं. पण प्रत्येक सल्ला वेगळ्या इंजिनाच्या इतिहासातून आलेला आहे, आणि तो इतिहास कळला की निवड बरीच सोपी होते.

रॉकर म्हणजे साधी तरफ. एका टोकाला पुश रॉड खालून रेटतो, मध्ये शाफ्टचा टेकू, दुसरं टोक व्हॉल्व्ह खाली दाबतं. मोटारींच्या पहिल्या काही दशकांत बहुतेक इंजिनांना या तरफेची गरजच नव्हती. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्ये उभे असत आणि कॅम, म्हणजे फिरत्या दांड्यावरचा उंचवटा, त्यांना खालूनच उचलत असे. फोर्डची मॉडेल टी अशीच होती. अमेरिकेत ब्युइकने मात्र विसाव्या शतकाच्या आरंभापासून व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये नेले. तसं केलं की ज्वलनाची जागा आटोपशीर होते आणि हवा सरळ वाटेने आत येते. पण कॅम खाली आणि व्हॉल्व्ह वर, म्हणून मध्ये पुश रॉड आणि रॉकर आले.

आपल्याकडे हा बदल फार उशिरा आणि थोड्या वर्षांत झाला. मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेली अँबेसेडर उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्समधून निघू लागली तेव्हा तिच्यात १४७६ सीसीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन होतं. १९५९च्या सुमारास त्याजागी बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन आलं, आणि रॉकर आले. मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या फियाट ११००च्या, म्हणजे पुढच्या पद्मिनीच्या, १०८९ सीसी इंजिनातही पुश रॉड आणि रॉकर होते. महिंद्राच्या जुन्या जीपमधलं हरिकेन इंजिन तर या दोन युगांच्या उंबरठ्यावरच उभं आहे. त्यात इनलेट व्हॉल्व्ह वर आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये, म्हणून चार सिलिंडरांना रॉकर चारच. मला ते इंजिन फार आवडतं; बदल कसा होतो ते त्यात डोळ्यांनी दिसतं.

रोलर रॉकरचा सल्ला मात्र दुसऱ्याच मुलखातला. १९५५मध्ये शेवरलेने नवं व्ही-८ इंजिन काढलं. त्यात लांब शाफ्ट नव्हता. पत्र्यातून दाबून काढलेला प्रत्येक रॉकर आपापल्या स्टडवर, अर्ध्या गोळीच्या टेकूवर डुलायचा, आणि तेल पोकळ पुश रॉडमधून यायचं. हलकी, स्वस्त आणि रोजच्या वापराला उत्तम रचना. लोक त्याच इंजिनात कडक स्प्रिंग आणि उंच कॅम घालून शर्यती लावू लागले तेव्हा गोळीचा टेकू तापायचा, दाबून बसवलेले स्टड वर सरकायचे. त्या दुखण्यावरचा इलाज म्हणून नीडल बेअरिंगचे, टोकाला रोलर असलेले रॉकर आणि आट्याचे स्टड रुजले. आमच्या इंजिनात हे दुखणंच नाही. इथे रॉकर पोकळ शाफ्टवर, तेल पाजलेल्या ब्राँझ बुशवर फिरतो आणि स्प्रिंग मऊ असतात.

जास्त रेशोचंही तसंच. बी-सिरीजच्या रॉकरचा रेशो साधारण १.४. कॅमने साडेसहा मिलिमीटर उचललं तर व्हॉल्व्ह ९.१ मिलिमीटर उघडतो, १.५चा रॉकर घातला तर ९.७५. मोठ्या कार्ब्युरेटरच्या स्पोर्ट्स गाडीत याचा उपयोग होतो. एमजी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांमध्ये हेच बी-सिरीज कुटुंबाचं इंजिन होतं, आणि त्या गाड्यांच्या हौशी मालकांमुळेच असे रॉकर आजही बनतात. पण मांडवीच्या गर्दीतून दुसऱ्या गिअरमध्ये जाणाऱ्या अँबेसेडरला त्याचं काय? उलट स्प्रिंग जास्त दबते, पुश रॉड आणि त्याखालच्या टॅपेटवर जोर वाढतो.

आता तिसरा सल्ला, आणि आपला खरा इतिहास इथेच आहे. तेच मूळ इंजिन आपल्या रस्त्यांवर कित्येक दशकं धावलं. आयात जवळजवळ बंद, नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षांची प्रतीक्षा, त्यामुळे प्रत्येक इंजिन पुन्हा पुन्हा बांधलं गेलं. रॉकरचं टोक झिजलं की वेल्डिंगने भरून सानेवर घासायची पद्धत पडली. त्या गरजेच्या काळात हे करणाऱ्या कारागिरांबद्दल मला आदरच आहे. पण टोकाचा कडक थर पातळ असतो. तो घासून गेला की खालचं मऊ लोखंड उघडं पडतं आणि काही महिन्यांत पुन्हा खड्डा पडतो. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट मोजायची फीलर गेजची पट्टी त्या खड्ड्यावर पुलासारखी आडवी बसते. पट्टी १५ थाऊ (इंचाचे हजारांश) दाखवते, खरी फट त्याहून मोठी असते, आणि टॅपेटचा आवाज कितीही सेट केला तरी जात नाही.

जुना शाफ्ट तसाच ठेवला तरी असाच फटका बसतो; आमच्याकडे ते घडलेलं आहे. मागच्या कामात एका गॅरेजने नवे रॉकर जुन्याच शाफ्टवर चढवले. रॉकरची दोन्ही टोकं वर ढकलली जातात, म्हणून शाफ्ट खालच्या अंगाने झिजतो. वरून पाहिलं तर आरशासारखा दिसतो. काकांनी तो उलटा करून माझं नख त्यावर फिरवलं. प्रत्येक रॉकरच्या जागी कंगोरा लागत होता. नव्या बुशांचं आयुष्य त्या कंगोऱ्यांनीच खाल्लं.

दुसरं असं की आमचं हेड आजवर दोनदा फेस झालंय, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट केलाय. हेड जितकं खाली आलं तितका पुश रॉड रॉकरच्या मानाने लांब ठरतो. सीट कटिंगने, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती जागा कापल्याने, व्हॉल्व्हचा दांडा वर सरकतो. कॅम घासून घेतला असेल तर त्याचा फरक पुन्हा उलट दिशेचा. म्हणून डब्यावरचा पार्ट नंबर जुळणं पुरेसं नाही. व्हॉल्व्हच्या टोकाला मार्करची शाई लावून इंजिन हाताने फिरवायचं. रॉकरच्या घासणीचा पट्टा टोकाच्या मधोमध यायला हवा. आमचा कडेला येत होता. काकांनी मकरपुऱ्याच्या एका वर्कशॉपमधून पेडेस्टलखाली घालायला एकाच जाडीच्या चार पट्ट्या कापून आणल्या, मग पट्टा मध्यावर आला.

शेवटी घेतले ते मूळ घाटाचे, घडीव पोलादाचे आठ रॉकर आणि नवा शाफ्ट. नवे बुशही बसवून रीम केले (आतून नेमक्या मापाला कापले), तेलाचं छिद्र बुशमधून आरपार आहे ना ते काडी घालून पाहिलं. मग आठही व्हॉल्व्ह नऊच्या बेरजेने सेट केले: आठवा पूर्ण उघडला की पहिल्याची फट, सातवा उघडला की दुसऱ्याची, असं शेवटपर्यंत. ८०० किलोमीटरनंतर हेडचे नट पुन्हा आवळले आणि फटी पुन्हा तपासल्या. दोन एक्झॉस्ट थोडे घट्ट निघाले, बाकी सहा होते तसेच.