फुप्फुसांची क्षमता वेगळी, श्वासाच्या स्नायूंची ताकद वेगळी

मुलाचा स्पायरोमेट्रीचा, म्हणजे फुंकून हवा मोजण्याच्या चाचणीचा, रिपोर्ट पुढे सरकवत आईबाबा विचारतात, "एफव्हीसी ८२ टक्के आलंय. म्हणजे याच्या छातीचे स्नायू कमजोर आहेत का?" दुसरीकडे कुणी अभिमानानं सांगतं, "आमची ही रोज फुगे फुगवते, फुप्फुसं एकदम मजबूत झालीत." श्वसनाच्या चाचण्या घेणारी फिजिओथेरपिस्ट म्हणून ही दोन्ही वाक्यं मी इतक्यांदा ऐकली आहेत, की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

स्पायरोमेट्री बहुतेकांना माहीत असते, म्हणून ती उरकून टाकते. नाकाला चिमटा, छाती भरून श्वास आणि मग जीव खाऊन फुंकर. एकूण किती हवा बाहेर पडली ते एफव्हीसी, पहिल्या सेकंदात किती पडली ते एफईव्ही-वन. उत्तर लिटरमध्ये येतं. निरोगी मुलात हा आकडा मुख्यतः उंचीवर ठरतो आणि अपेक्षित आकड्याच्या किती टक्के हवा आली ते रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं, म्हणून चपला न काढता उंची मोजून रिपोर्ट काढणाऱ्यांचा मला राग येतो. मूल कागदावर दोन-तीन सेंटिमीटर उंच झालं, की त्याची टक्केवारी विनाकारण खाली येते.

आता स्नायू. फुप्फुसाला स्वतःला फुलवणारा स्नायू नसतो. श्वासनलिकांच्या भिंतीत स्नायू असतात आणि दम्यात आवळले जातात ते हेच, पण हवा आत ओढणं हे त्यांचं काम नव्हे. लोहाराचा भाता डोळ्यांसमोर आणा. चामड्याची पिशवी म्हणजे फुप्फुस. दांडा ओढणारा हात म्हणजे श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा स्नायू) आणि बरगड्यांमधले स्नायू. शांत बसलेलं मूल श्वास सोडतं तेव्हा तर हात जवळजवळ मोकळाच असतो, ताणलेलं फुप्फुस आपोआप आकसतं. खोकताना किंवा फुगा फुगवताना मात्र पोटाचे स्नायू कामाला लागतात.

या हाताची ताकद मोजायची तर हवा वाहू द्यायची नसते. मूल श्वास पूर्ण सोडतं आणि जवळजवळ बंद नळीतून सगळा जोर लावून आत ओढतं. हवा येत नाही, तयार होतो तो फक्त दाब. हा एमआयपी. छाती भरून बंद नळीत फुंकलं की एमईपी. दोन्ही सेंटिमीटर पाण्याच्या दाबात मोजतात, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका दाब. नळीला एक बारीक भोक ठेवलेलं असतं, नाहीतर मुलं नुसते गाल आत ओढून दाब दाखवतात आणि छातीचे स्नायू बाजूलाच राहतात.

लिटर आणि दाब ही वेगळी मोजमापं आहेत, एवढं सांगितलं की सगळे मान डोलावतात. तरी "पण ताकद जास्त तर हवाही जास्त मावणार ना?" हा प्रश्न येतोच. सगळा घोळ इथे आहे.

फुप्फुस काठोकाठ भरायला त्याच्यावर साधारण ३० सेंटिमीटर पाण्याएवढा दाब पुरतो. भरत आलं की ते ताठ होतं. मग कितीही जोर लावा, हवा फारशी वाढत नाही. आता १९८४ साली 'थोरॅक्स' या नियतकालिकात आलेल्या ब्रिटनमधल्या मोजणीतले आकडे पाहा. ७ ते १७ वयाच्या निरोगी मुलग्यांचा एमआयपी सरासरी ७५ होता, मुलींचा ६३. म्हणजे ताकद गरजेच्या दुपटीहून जास्त. ही सरळ वजाबाकी नव्हे, कारण भाता पूर्ण ताणला गेला की हाताचा जोरही कमी पडतो. तरीही शिल्लक भरपूर उरते. म्हणून एकाच उंचीच्या दोन मुलांत एकाचा एमआयपी ७० आणि दुसऱ्याचा ११० असूनही एफव्हीसी सारखं येऊ शकतं.

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीसारख्या स्नायूंच्या आजारात याच शिल्लकीमुळे फसगत होते. ताकद बरीच घटलेली असते, पण लिटरचा आकडा अजून ठीक दिसत असतो. उलट दम्याच्या मुलाचं एफईव्ही-वन खाली गेलेलं असतं आणि भाता ओढणारा हात मात्र चांगला दणकट असतो. त्याची अडचण अरुंद झालेल्या श्वासनलिकांत आहे.

वाढीतही दोन्ही आकडे बरोबरीनं चालत नाहीत. आठ वर्षांच्या मुलाचं एफव्हीसी दीड लिटरच्या आसपास, मोठ्या बाईचं अडीच-तीन लिटर. पण त्याच १९८४च्या मोजणीत प्रौढ स्त्रियांचा एमआयपी सरासरी ७३ होता, मुलग्यांच्या ७५च्या अगदी शेजारी. एवढ्याशा छातीत हा जोर कुठून आला? यामागे भूमितीचा मोठा वाटा मानतात. छाती लहान म्हणजे श्वासपटलाचा बाक जास्त, आणि बाक जास्त असला की तेवढ्याच ताणातून दाब जास्त तयार होतो. जोरात रडणारं तान्हं बाळ शंभराच्या आसपास दाब तयार करू शकतं.

म्हणून बाळाचा श्वास भक्कम, असं मात्र समजू नका. जोर असणं आणि तो टिकणं यात फरक आहे. नवजात बाळाच्या श्वासपटलात न थकणारे तंतू साधारण पाव हिस्सा असतात, मोठ्यांत ते निम्म्याहून थोडे जास्त. शिवाय बाळाच्या बरगड्या आडव्या आणि लवचीक, त्यामुळे श्वासाचा बहुतेक भार एकट्या श्वासपटलावर. पोट उडायला लागलेलं बाळ लवकर दमतं ते यामुळे.

रिपोर्ट वाचताना आणखी एक गोष्ट मी आग्रहानं सांगते. निरोगी मुलांत एमआयपीचा पसारा फार मोठा आहे. वरच्या मोजणीत मुलग्यांच्या ७५ला प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) २३चं होतं, म्हणजे ४५ही नॉर्मल आणि ११०ही नॉर्मल. त्यात ती मोजणी गोऱ्या मुलांची, आपल्या मुलांना ती डोळे झाकून लावू नये. मुळात ही चाचणी मुलाच्या मनावर चालते. आकडा चांगला आला तर स्नायू चांगले, हे पक्कं. कमी आला तर स्नायू अशक्त असतील, किंवा मूल कंटाळलं असेल, ओठ सैल राहिले असतील, सांगितलेलं कळलंच नसेल. एकदाच फुंकून घेतलेल्या कमी आकड्यावर 'स्नायू अशक्त' असा शेरा मारणं मला अजिबात मान्य नाही.

श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र कोविडनंतर अनेक घरांत आलं. त्यात फुंकायचं नसतं, हवा ओढायची असते. ६००, ९००, १२०० हे आकडे सेकंदाला किती मिलिलिटर हवा ओढली ते सांगतात. ते ताकदही मोजत नाहीत आणि क्षमताही. श्वास रोखून धरण्याच्या स्पर्धांचंही तेच. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर किती वेळ तग धरला, एवढंच त्यातून कळतं.

लहान मुलांत ताकद मोजायला मला हुंगण्याची चाचणी जास्त आवडते. एका नाकपुडीत छोटा बोळा बसवून त्यातून दाब मोजतात, दुसरी नाकपुडी मोकळी, तोंड बंद. "फूल हुंग" असं सांगितलं तर मूल हळुवार हुंगतं आणि आकडा पडतो. मी सांगते, "शेंबूड वर ओढतोस ना, तसं झटक्यात." मग दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागत नाही. अशा दहा झटक्यांतला सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा.