एकाच प्रोग्रॅममधील समांतर कामे : अमिगातील टास्क आणि प्रोसेस यांच्या विभागणीची पार्श्वभूमी

1990च्या दशकात ठाण्यातील खासगी संगणक वर्गांतून डॉस आणि सी शिकलेल्या पिढीला एका वेळी एकच प्रोग्रॅम चालणे स्वाभाविक वाटत असे. विंडोज 3.1मध्ये अनेक खिडक्या दिसत असल्या, तरी विंडोजसाठी लिहिलेल्या एखाद्या प्रोग्रॅमने आपणहून ताबा सोडला नाही, तर बाकीचे खोळंबत. ऐरोली-महापे पट्ट्यातील नोकरीच्या मुलाखतींत हमखास विचारला जाणारा प्रोसेस (स्वतंत्र मेमरी घेऊन चालणारा प्रोग्रॅम) आणि थ्रेड (एकाच प्रोग्रॅमच्या आत त्याचीच मेमरी वापरून समांतर चालणारे काम) यांतील फरक त्यामुळे विंडोज 95 किंवा युनिक्सच्या संदर्भातच समजावला जातो. घरगुती संगणकावर या फरकाचा गुंता 1985 सालीच कमोडोर कंपनीच्या अमिगा या संगणकाने निर्माण केला होता. त्याआधीच्या वर्षी आलेल्या सिंक्लेअर क्यूएल या संगणकातही बहुकार्यक्षमता, म्हणजे एका वेळी अनेक कामे चालवण्याची सोय, होती, परंतु त्या संगणकाचा प्रसार मर्यादित राहिला.

अमिगाचा गाभा, म्हणजे एक्झेक, आजही नेटका वाटतो. सुमारे 7 मेगाहर्ट्झचा 68000 प्रोसेसर आणि 256 किलोबाइट मेमरी एवढ्यावर तो -128 ते 127 या प्राधान्यक्रमानुसार टास्क, म्हणजे समांतर चालणारी कामे, आलटून पालटून चालवीत असे. प्रत्येक टास्कला जागे करण्यासाठी 32 सिग्नल (खुणा) मिळत आणि संदेश पाठवताना मजकुराची नक्कल न करता केवळ पत्ता दिला जाई. सर्वांची मेमरी समाईक असल्यामुळे प्रोग्रॅमच्या आत नवा टास्क सुरू करणे अत्यंत स्वस्त होते. मात्र एकाची चूक सगळ्यांना भोवत असे.

अडचण फाइलींपाशी सुरू झाली. फाइली हाताळणारा भाग एक्झेकबरोबर घडलेला नव्हता; इंग्लंडमधील एका विद्यापीठात जन्मलेली आणि बीसीपीएल भाषेत लिहिलेली ट्रायपॉस ही प्रणाली त्यासाठी आणून जोडण्यात आली. तिला साधा टास्क पुरेसा नव्हता. उत्तरे स्वीकारण्यासाठी स्वतःचा संदेश-पोर्ट (संदेश येऊन थांबण्याची जागा) आणि इतर नोंदी असलेला विस्तारित टास्क, म्हणजे प्रोसेस, लागत असे. साध्या टास्कला त्यामुळे फाइल उघडता येत नसे. त्याने ते काम मूळ प्रोग्रॅमकडे संदेशाने सोपवावे, असा रीतसर मार्ग होता.

स्वतःच्याच प्रोग्रॅममधील एखादे फंक्शन प्रोसेस म्हणून चालवू पाहणाऱ्याची अडचण याहून मोठी होती, कारण प्रोसेस निर्माण करणारे जुने आवाहन (सिस्टिम कॉल) फंक्शनचा पत्ता न घेता डिस्कवरून चढवलेल्या फाइलीच्या भागांची यादी मागत असे. बीसीपीएलच्या पद्धतीप्रमाणे तिचा पत्ता चारने भागून द्यावा लागे. मग प्रोग्रॅमर चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावर एक खोटी यादी रचीत आणि तिच्यात हव्या त्या फंक्शनकडे उडी मारणारी एकच सूचना ठेवीत. 1990 साली आलेल्या अमिगाच्या प्रणालीच्या 2.0 आवृत्तीत फंक्शनचा पत्ता थेट देण्याची सोय झाली. ट्रायपॉसची निवड वेळ वाचवण्यासाठी झाली असे तिचे समर्थन केले जाते आणि ते खोटे नाही. तथापि त्या वाचलेल्या वेळेची किंमत पुढची पाच वर्षे बाहेरच्या प्रोग्रॅमरांनी मोजली, याकडे समर्थक सोयीस्कर दुर्लक्ष करतात.

नव्या सोयीनेही प्रोसेस संपवण्याचा प्रश्न पूर्णपणे सुटला नाही. मूळ प्रोग्रॅम आधी बंद झाला, तर त्याचा कोड मेमरीतून काढला जाई आणि त्याच कोडवर चालणारी उपप्रोसेस अधांतरी राही. यावरचा रूढ उपाय असा, की उपप्रोसेसने शेवटी टास्कांची अदलाबदल थांबवावी, मग निरोपाचा संदेश पाठवावा आणि तशाच अवस्थेत संपून जावे. ती टास्कांच्या यादीतून निघेपर्यंत मूळ प्रोग्रॅमला पुढे सरकता येत नसे, आणि ती निघताच अदलाबदल आपोआप पुन्हा सुरू होई. युनिक्ससारख्या प्रणालींतील पॉझिक्स थ्रेड या प्रमाणित पद्धतीत थ्रेड संपण्याची वाट पाहण्यासाठी स्वतंत्र आवाहन आहे. अमिगावर तीच शिस्त प्रत्येक प्रोग्रॅमरला हाताने पाळावी लागत असे.