व्हिटॅमिन झाडाचं की फॅक्टरीचं?

मेडिकलमध्ये बी-कॉम्प्लेक्सची साधी स्ट्रिप चाळीस-पन्नास रुपयांत येते आणि ऑनलाइन 'हंड्रेड पर्सेंट नॅचरल, होल फूड' (म्हणजे अख्ख्या अन्नातून काढलेलं) लिहिलेली बाटली आठशे-हजारला, मग माणसाला वाटतंच की एवढे पैसे घेतायत म्हणजे आत काहीतरी खरं असणार, केमिकल नसणार. पण केमिकल तर पेरूतही आहे की! पेरूतलं व्हिटॅमिन सी म्हणजे एस्कॉर्बिक ॲसिड, आणि १९३३-३४ च्या सुमारास राइखश्टाइन नावाच्या शास्त्रज्ञाने ग्लुकोजपासून बनवून दाखवलं तेही एस्कॉर्बिक ॲसिडच. रेणू अगदी तोच, त्यामुळे शरीराला तो कुठून आला हे कळायचा प्रश्नच नाही. फक्त १०० ग्रॅम पेरूत सी साधारण २०० मिलिग्रॅम असतं आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज ६५ ते ८०, म्हणजे अर्धा पेरू खाणाऱ्याला सीची गोळी लागतच नाही, ना स्वस्तातली ना महागातली.

व्हिटॅमिन ई मध्ये मात्र नॅचरलवाले जिंकतात. झाडात ई चा रेणू एकाच घडणीचा तयार होतो, कारखान्यात बनवताना त्याच रेणूची आठ वेगवेगळ्या घडणींची खिचडी तयार होते आणि आपल्या लिव्हरमधलं एक प्रोटीन त्यातली झाडाची घडण बरोबर उचलून रक्तात सोडतं, बाकीच्यांना फारसं विचारत नाही. म्हणून त्याच वजनाचं सिंथेटिक ई निम्मंच धरतात. स्ट्रिपवर 'डी-अल्फा' छापलेलं असेल तर नॅचरल, 'डीएल-अल्फा' असेल तर सिंथेटिक, एका अक्षराचा खेळ आहे.

आणि फोलेटमध्ये, म्हणजे व्हिटॅमिन बी-९ मध्ये (गोळीतल्या रूपाला फोलिक ॲसिड म्हणतात), बरोबर उलटं! ही गोष्ट तर आपल्या मुंबईतच सुरू होते. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली, कारण इथल्या गरीब गरोदर बायका, त्यातल्या बऱ्याच कापड गिरण्यांत काम करणाऱ्या, एका विचित्र ॲनिमियाने आजारी पडत होत्या आणि त्यात जीवही जात होते. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये तिने काम केलं, आधी जंतूंचा संशय घेतला, तो फुसका निघाला, मग बायका खातात काय ते बघितलं. शेवटी आजारी माकडांवर मार्माइट वापरून पाहिलं, म्हणजे बिअरच्या यीस्टचा तो काळा खारट लगदा जो इंग्रज ब्रेडला फासतात, आणि माकडं सुधारली, मग पेशंट बायकाही सुधारल्या. १९३१ मध्ये तिने हे छापलं. म्हणजे होल फूड सप्लिमेंटच म्हणायचं की हे! पण त्यातलं नेमकं काय काम करतंय ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालक गाळून त्यातून फोलिक ॲसिड वेगळं केलं गेलं, मार्माइटमध्ये काम करणारं तेच होतं, आणि १९४५ पर्यंत लेडर्ली या औषध कंपनीत आपल्या आंध्रच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या टीमने ते कारखान्यात बनवता येईल असं केलं.

आता गंमत बघा, पालकातल्या फोलेटला लांब शेपटी असते, ती आतड्यात तोडल्याशिवाय ते आत जात नाही, शिवाय भाजी शिजवली की बरंचसं नासतं आणि पाणी फेकलं की उरलेलं मोरीत. गोळीतल्या फोलिक ॲसिडला शेपूट नाही, ते पटकन शोषलं जातं, म्हणून हिशोबात अन्नातलं १ मायक्रोग्रॅम म्हणजे फोलिक ॲसिडचं ०.६ धरतात. १९९१ च्या ब्रिटिश ट्रायलमध्ये, आधीच्या बाळात मणक्याचा दोष असलेल्या बायकांना फोलिक ॲसिड दिल्यावर पुढच्या बाळात तो दोष ७२ टक्क्यांनी कमी दिसला. आशाताई गरोदर बाईला देतात ती गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड, पूर्ण सिंथेटिक आहे आणि फुकट आहे. तिला नाक मुरडून शेवग्याच्या पाल्याची कॅप्सूल घेणाऱ्या शिकलेल्या लोकांचं मला खरंच नवल वाटतं. वाळवलेल्या पाल्यात १०० ग्रॅमला २५-३० मिलिग्रॅम लोह असतं, कॅप्सूलमध्ये पावडर अर्धा ग्रॅम, म्हणजे लोह पडलं ०.१५ मिलिग्रॅमच्या आत आणि बाईची रोजची गरज २९! पाल्याची भाजी करून वाटीभर खा ना, छान लागते, वर लिंबू पिळा.

तरी गोळीवाल्यांनीही फार उड्या मारू नयेत. गाजरं-भाज्या खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी दिसायचा म्हणून फिनलंडमध्ये २९,००० हून जास्त पुरुष स्मोकर्सवर ट्रायल झाली, त्यातल्या निम्म्यांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजराला नारिंगी करणारं द्रव्य, दिलं, आणि १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा त्यांच्यात कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. भाजीत शेकडो गोष्टी असतात, त्यातली एकच उचलून ढीगभर दिली की भाजी दिल्यासारखं होत नाही.

त्या हजारच्या बाटलीचं लेबल पण नीट वाचा, बऱ्याचदा 'यीस्टमध्ये वाढवलेलं' असं काहीतरी बारीक अक्षरात असतं, म्हणजे साधं सिंथेटिक व्हिटॅमिन यीस्टला खायला घालायचं आणि मग ते यीस्ट वाळवून नॅचरल म्हणून विकायचं. बी-१२ ला तर झाडाचा पर्यायच नाही, ते फक्त जीवाणू बनवतात, गोळीतलंही जीवाणूंकडूनच टाक्यांमध्ये बनवून घेतात आणि स्पिरुलिना नावाच्या शेवाळाच्या पावडरीत जे असतं त्यातलं बहुतेक आपल्या उपयोगाचं नसतं. दूधही बेताचंच पिणाऱ्या शाकाहारी माणसाने सरळ गोळी घ्यावी. व्हिटॅमिन डी-३ ची भानगड वेगळी, ते बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून बनवतात, तेव्हा घरात कुणी कडक शाकाहारी असेल तर लायकेनपासून (दगडफुलाच्या जातीचं) काढलेलं डी-३ मिळतं ते बघा, महाग पडतं, पण यीस्टच्या डी-२ पेक्षा रक्तातली लेव्हल चांगली वाढवतं.