फायनान्शियल एडची पात्रता टिकवणं (अमेरिका)

अमेरिकेत कॉलेजला सरकारी फायनान्शियल एड एकदा मंजूर झाली की डिग्री हातात पडेपर्यंत ती चालूच राहणार असं बऱ्याच घरांत धरून चालतात, पण तसं नसतं. पेल ग्रँट (परत न करायची मदत), वर्क-स्टडी (शिकता शिकता करायचं पगारी काम), डायरेक्ट लोन (सरकारी कर्ज) हे सगळं १९६५ च्या हायर एज्युकेशन ॲक्टमधल्या टायटल फोर खाली येतं आणि ते चालू ठेवायला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे फॅफ्साचा, म्हणजे सरकारी मदतीच्या अर्जाचा, फॉर्म दरवर्षी नव्याने भरायचा. दुसरी म्हणजे कॉलेजात ‘सॅटिस्फॅक्टरी अकॅडमिक प्रोग्रेस’ राखायचा, ज्याला ऑफिसात आणि पोरांच्या तोंडी सगळे सॅप म्हणतात. फॉर्ममध्ये घरची ऐपत बघतात, सॅपमध्ये अभ्यास, त्यामुळे घरची परिस्थिती कितीही ओढाताणीची असली तरी सॅप गेला की पैसे थांबतात.

सॅपची चौकट सरकारची, बारकावे कॉलेजचे. म्हणून एका कॉलेजचा नियम दुसऱ्याला लावून चालत नाही, आपल्या कॉलेजची पॉलिसी वाचावीच लागते. मोजायच्या गोष्टी मात्र सगळीकडे तीनच: जीपीए (सगळ्या ग्रेड्सची ४ पैकी सरासरी), पेस आणि कमाल मुदत.

जीपीएचं सगळ्यांना माहीत असतं. दोन वर्षांपेक्षा मोठा कोर्स असेल तर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी निदान सी ॲव्हरेज किंवा ग्रॅज्युएशनला चालेल असं स्टँडिंग लागतं, बॅचलर्सला हे बहुतेक ठिकाणी २.० असतं.

खरी गोची पेसमध्ये होते. आतापर्यंत जेवढी क्रेडिट्स (कोर्स किती मोठा ते मोजायचं माप) घेतली त्यातली किती पूर्ण केली याचा टक्का म्हणजे पेस, आणि बहुतेक कॉलेजं तो ६७ टक्के ठेवतात. हा आकडा येतो तिसऱ्या अटीतून: डिग्रीला जेवढी क्रेडिट्स लागतात त्याच्या जास्तीत जास्त १५० टक्के क्रेडिट्स घेईपर्यंतच मदत मिळते, म्हणजे १२० क्रेडिट्सच्या डिग्रीला १८०, आणि १२० भागिले १८० केलं की दोन तृतीयांश. आता समजा एखाद्या पोरीने पहिल्या सेमिस्टरला १५ क्रेडिट्स घेतली, केमिस्ट्री जड गेली म्हणून ४ क्रेडिट्सचा तो कोर्स मध्येच सोडला, अजून एक ३ चा सोडला, उरलेल्या ८ मध्ये सगळीकडे ए. जीपीए ४.०, घरी सगळे खूश, आणि पेस ५३ टक्के! पुढच्या सेमिस्टरला परत १५ घेऊन १२ पूर्ण केली तर एकूण ३० पैकी २० होतात, म्हणजे ६६.६७. काही कॉलेजं पॉलिसीत ६६.६७ च लिहितात, काही ६७ लिहून आकडा राऊंड करतात, आणि काही ६७ लिहून राऊंड करत नाहीत, तिथे ही पोरगी अगदी थोडक्यात अडकते.

डब्ल्यू म्हणजे विथड्रॉवल, कोर्स मध्येच सोडल्याची खूण, तो ट्रान्सक्रिप्टवर (ग्रेड्सच्या पत्रकावर) निरुपद्रवी दिसतो आणि जीपीएला खरंच धक्का लावत नाही, म्हणून सल्ले देणारे ‘एफ येण्यापेक्षा डब्ल्यू घे’ असं सहज सांगून जातात. ग्रेडच्या बाजूने ते बरोबर आहे, पण पेसच्या हिशोबात डब्ल्यू आणि एफ सारखेच, दोन्ही घेतलेल्यात धरतात आणि पूर्ण केलेल्यात नाही. इन्कम्प्लीटचंही, म्हणजे काम बाकी राहिलेल्या कोर्सचंही, ग्रेड लागेपर्यंत तेच. ॲड-ड्रॉपची, म्हणजे सेमिस्टरच्या सुरुवातीला कोर्स बदलायची, मुदत संपायच्या आत सोडलेला कोर्स सहसा मोजतच नाहीत, त्यामुळे सोडायचाच असेल तर त्या तारखेआधी सोडलेला बरा. दुसऱ्या कॉलेजातून आणलेली आणि मान्य झालेली क्रेडिट्स घेतलेल्यात आणि पूर्ण केलेल्यात, दोन्हीकडे धरतात. पास झालेला कोर्स परत केला तर एकदाच त्यावर मदत मिळते.

कमाल मुदतीत अजून एक मेख आहे. १८० संपायची वाटही बघत नाहीत, आता त्या मर्यादेत डिग्री होणं गणितानेच शक्य नाही असं दिसलं की तिथेच पात्रता जाते. मेजर (मुख्य विषय) दोनदा बदलणाऱ्यांना हे जास्त लागतं, काही कॉलेजं जुन्या मेजरची निरुपयोगी क्रेडिट्स वगळतात, काही नाही.

सॅप तपासणी वर्षातून निदान एकदा, बऱ्याच ठिकाणी दर सेमिस्टरला होते. दर सेमिस्टरला तपासणाऱ्या कॉलेजात पहिल्यांदा घसरलं की वॉर्निंग मिळते, एक सेमिस्टर मदत चालू राहते, अर्ज करावा लागत नाही. वर्षातून एकदाच तपासणारं कॉलेज वॉर्निंग देऊच शकत नाही, तिथे सरळ सस्पेन्शन, म्हणजे मदत बंद. त्यानंतर अपील, कॉलेज अपील घेत असेल तर.

अपीलमध्ये दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात: का घसरलं, आणि आता काय बदललंय. जवळच्या माणसाचा मृत्यू, आजारपण, अपघात, इतर विशेष परिस्थिती ही कारणं चालतात. पोरं पहिल्या प्रश्नावर पानभर लिहितात आणि दुसऱ्यावर ‘यापुढे मनापासून अभ्यास करेन’ एवढंच, जे वाचून समोरच्याला काहीच कळत नाही. नोकरीचे तास कमी केले, ट्युटरिंग लावलं, डॉक्टरांचं पत्र जोडलंय, असं ठोस काही पाहिजे. मंजूर झालं की एक सेमिस्टर प्रोबेशन, म्हणजे मदत परत चालू पण नजरेखाली, आणि तेवढ्यात भरपाई होणार नसेल तर अकॅडमिक प्लॅन (आकडे कसे वर आणायचे याचा आराखडा), जो पाळत राहिलं तर मदत चालू राहते. नामंजूर झालं तर आपल्या पैशाने शिकून आकडे वर आणायचे. एखादं सेमिस्टर नुसतं घरी बसून काही होत नाही, कारण आकडे तेच राहतात.

सगळेच कोर्स मध्ये सोडले तर वेगळाच हिशोब लागतो. सेमिस्टरचा ६० टक्के काळ व्हायच्या आत गेलात तर जेवढे दिवस झाले तेवढीच मदत ‘कमावली’ असं धरतात. १०० दिवसांच्या सेमिस्टरमध्ये ४० व्या दिवशी सोडलं आणि ४,००० डॉलर मिळाले होते, तर १,६०० आपले आणि २,४०० परत. त्यातला कॉलेजचा वाटा कॉलेज सरकारला भरतं आणि मग तेच बिल विद्यार्थ्याच्या खात्यावर येतं, फीचा रिफंड मिळायची मुदत तोवर बहुधा उलटून गेलेली असते. ६० टक्क्यांनंतर सोडलं तर पैसे राहतात, सॅपचा फटका मात्र बसतोच. न सांगता यायचं बंद केलं आणि सगळीकडे एफ आले तरी कॉलेज शेवटची हजेरी शोधून हाच हिशोब लावू शकतं.

राज्याच्या आणि कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या अटी वेगळ्या, आणि बऱ्याचदा जास्त कडक. जॉर्जिया राज्याच्या होप स्कॉलरशिपला ३.० जीपीए लागतो. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर आलेल्यांना फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची, मदत मुळातच नाही, त्यांना कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या अटीच बघायच्या.

बाकी किरकोळ पण विसरू नयेत अशा गोष्टी: पेल ग्रँट आयुष्यभरात साधारण १२ फुलटाइम सेमिस्टर्सएवढीच मिळते, डायरेक्ट लोनला निदान हाफ टाइम, म्हणजे सहसा ६ क्रेडिट्स घ्यावी लागतात, आणि जुनं फेडरल लोन डिफॉल्टमध्ये, म्हणजे हप्ते थकून बुडीत, असेल तर नवीन मदत बंद. त्यातून बाहेर पडायचा एक रस्ता रिहॅबिलिटेशन, १० महिन्यांत ९ हप्ते वेळेवर. ड्रग्जच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर मदत जायची ती अट २०२० च्या फॅफ्सा सिम्प्लिफिकेशन ॲक्टने काढून टाकली, जुन्या गाइडमध्ये ती अजून सापडली तर सोडून द्या.