लाथेनंतर पाय चुकतो कुठे?

"काका, मागे वळायचंय!" तपकिरी बेल्टवाल्या बारा वर्षांच्या मुलीने मला भर क्लासमध्ये टोकलं.

मी सध्या कांकू दाई शिकतोय. शोतोकान या कराटेच्या शैलीतला वरच्या पातळीचा काता, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, 65 हालचालींचा. त्यात एके ठिकाणी एक हात कपाळावर, दुसऱ्याने मानेवर फटका, लगेच उजव्या पायाची समोर लाथ आणि मग गर्रकन मागे. मी मात्र लाथेनंतर पुढे झेप घेऊन पालथ्या मुठीचा फटका मारतो, वर 'किआई' ही कराटेतली आरोळी ठोकून मोकळा होतो. तो सगळा ऐवज हेआन योंदान या खालच्या पातळीच्या कात्याचा. त्यातही फटका आणि लाथ हीच, फक्त पुढचं वेगळं. हे साम्य योगायोगाचं नाही. जपानमधल्या ओकिनावाच्या इतोसू या कराटे गुरुजींनी 20व्या शतकाच्या सुरुवातीला शाळकरी मुलांसाठी हेआन मालिकेतले हे सोपे काते रचले, तेव्हा त्यातला बराच माल कांकूच्या जुन्या रूपातून उचलला असं मानतात.

"मसल मेमरी आहे ती," सर म्हणाले. शब्द सोयीचा, पण स्नायूला काता पाठ नसतो. 1953 साली अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेत हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूतल्या नव्या आठवणी जपणाऱ्या भागाचा, मोठा हिस्सा काढला गेला आणि नवं काही त्याच्या लक्षात राहीना. तरी आरशात बघून चांदणी गिरवण्यात तो दिवसागणिक सुधारला. आपण हे आधी केलंय, याचा मात्र त्याला पत्ता नसायचा. म्हणजे कौशल्याचं खातं मेंदूतच, पण वेगळ्या शाखेत.

त्यातली एक शाखा बेसल गँग्लिया. मेंदूच्या पोटातल्या पेशींच्या या पुंजक्यांत स्ट्रायटम नावाचा भाग असतो. मेंदूशास्त्रज्ञ अ‍ॅन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेने 1999 साली इंग्रजी 'टी'च्या आकाराच्या वाटेवर पळणाऱ्या उंदरांच्या स्ट्रायटममधले विद्युत-संकेत टिपले. सुरुवातीला पेशी वाटभर कुजबुजत होत्या. वळण अंगवळणी पडल्यावर त्यांचा गलबला मुख्यतः दोन टोकांना उरला, निघताना आणि पोचताना. मधला प्रवास जणू एका गाठोड्यात बांधला गेला. माझ्या मते कात्यातही हेच होत असावं. फटका-लाथ-झेप हे माझं जुनं गाठोडं. पहिला फटका सुटला की गाठोडं आख्खंच उलगडतं, आणि फाटा येतो तो नेमका गाठोड्याच्या पोटात, जिथे देखरेख सर्वांत पातळ.

गणपतीत शंकराची आरती सुरू असते. ध्रुवपदाचे पहिले शब्द गणपतीच्या आरतीसारखेच, आणि अर्धा मांडव पुढे मंगलमूर्तीकडे वळतो. तेच हे.

म्हणून काता पहिल्यापासून शंभरदा करून हा दोष जात नाही, उलट गाठ घट्ट होते. मी आता लाथेपासूनच सुरुवात करतो. लाथ, वळण, थांब. पुन्हा लाथ, वळण, थांब. कंटाळवाणं आहे. झटपट उपाय विकणारेही आहेत: डोळे बांधून वाचायला शिकवतो म्हणत 'मिडब्रेन', म्हणजे मध्यमेंदू, जागा करण्याचा दावा करणारी शिबिरं हजारो रुपये घेतात. त्यांच्याकडे एवढा कंटाळा विकायला नसतो. पट्टीच्या फटीतून नाकाच्या कडेने दिसतं, इतकंच.

गुरुवारी लाथेनंतर पाय हवेतच अडखळला, मग खाली आला आणि मी वळलो. मागे ती मुलगी उभी होती.

"काका, वळलात. पण हात विसरलात."