जुन्या सीडीची इमेज लिनक्सवर उघडताना

मूळ सीडी हरवली, पण कुणीतरी तिची इमेज, म्हणजे फाइलच्या रूपातली अख्ख्या सीडीची नक्कल, हार्डडिस्कवर ठेवली होती, असं सांगत अनेक ग्राहक आमच्याकडे येतात. लिनक्सवर ती उघडली नाही म्हणून लगेच डिलीट करू नका. पुष्कळदा फाइल ठणठणीत असते.

आयएसओ फाइल (नावाच्या शेवटी .iso) असेल तर राइट क्लिक करून ‘डिस्क इमेज माउंटर’ निवडा. सीडी घातल्यासारखी ती दिसू लागते.

अडतं ते बिन (.bin) फाइलपाशी. सीडीवरची माहिती सेक्टर नावाच्या छोट्या तुकड्यांत असते आणि एका सेक्टरमध्ये 2352 बाइट असतात. साध्या डेटा सीडीवर त्यातले 2048 आपल्या माहितीचे, उरलेले 304 सेक्टरची खूण आणि चूकदुरुस्तीसाठी. आयएसओत फक्त माहिती असते, बिनमध्ये बहुधा सगळंच. म्हणून नुसतं नाव बदलून भागत नाही. शंका आली तर फाइलचा आकार बाइटमध्ये पाहा आणि कॅल्क्युलेटर घ्या. समजा आकार 70,56,00,000 आहे. 2352 ने भागलं की नेमके 3,00,000 येतात, 2048 ने भागलं तर पूर्ण भाग जात नाही. म्हणजे नाव काहीही असो, आतून ती बिनच. ‘बीचंक’ ही छोटी कमांड तिची आयएसओ करून देते. नवी फाइल 61,44,00,000 बाइटची भरते. नऊ कोटी बाइट कुठे गेले म्हणून घाबरू नका, तुमचं एक अक्षरही गेलेलं नसतं.

बीचंकला सोबतची क्यू (.cue) फाइल लागते. दोन-चार ओळींची असते म्हणून लोक ती कचरा समजून उडवतात, कृपया तसं करू नका. कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो ते तिच्यातच लिहिलेलं असतं. बिनचं नावही तिच्यात असतं. ते बदललंत तर क्यू टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून तिथेही बदला. सीडीवर गाणीही असतील तर ती आयएसओत येत नाहीत. अशा वेळी ‘सीडीएमू’ वापरावं, असं आमचं मत. ते संगणकाला खोटा सीडी ड्राइव्ह जोडून देतं.

‘निरो’ या सीडी बनवायच्या सॉफ्टवेअरच्या एनआरजी (.nrg) फाइलमध्ये बऱ्याचदा सुरुवातीचे 150 सेक्टर, म्हणजे 3,07,200 बाइट, ओलांडून माउंट करावं, म्हणजे सीडीसारखं जोडावं लागतं. एमडीएफ (.mdf) प्रकारच्या इमेजसाठी ‘आयएटी’ ही कमांड वापरून पाहा.

इमेज उघडली, पण मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा दिसतोय? ते युनिकोडआधीच्या, म्हणजे आजची सगळीकडे चालणारी मराठी अक्षरपद्धत येण्याआधीच्या, फॉन्टचं काम. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव यांपैकी जो वापरला असेल तो फॉन्ट बसवला की मजकूर वाचता येतो. तो फॉन्ट कधीकधी त्याच सीडीवर सापडतो, आधी तिथे शोधा.

नेमक्या कमांड आम्ही काउंटरवर लिहून देतो. येताना एकाच नावाच्या सगळ्या फाइल पेनड्राइव्हवर आणा, आणि नवी आयएसओ उघडून आतल्या चार फाइल स्वतः पाहिल्याशिवाय जुनी इमेज पुसू नका.